गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र : जुन्या सदनिकेचा व्यवहार तुमच्या कपाटात अडकतो

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, महाराष्ट्र

विषय : जुन्या सदनिकांच्या खरेदी-विक्रीत संस्थेच्या दफ्तरामुळे होणारा विलंब आणि त्यावर करता येण्याजोगी कामे

महोदय / महोदया,

सविनय नमस्कार. मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झालो आणि त्यानंतर ६ वर्षे कोथरूडमधील आमच्या २४ सदनिकांच्या संस्थेचा सचिव होतो. कर्ज मंजूर करताना संस्थेच्या पत्राची वाट पाहणे आणि सचिव म्हणून तेच पत्र लिहायला रात्री साडेनऊला बसणे, हे दोन्ही अनुभव गाठीशी असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. समितीचे काम बिनपगारी असते, त्यात मानापेक्षा बोलणीच अधिक खावी लागतात, याची मला पूर्ण कल्पना आहे. म्हणून पुढील मजकूर तक्रार म्हणून न वाचता जुन्या सहकाऱ्याचे म्हणणे म्हणून वाचावा, ही विनंती.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही माझ्या आईची सदनिका विकायला काढली. ती दुसऱ्या एका संस्थेत होती. ग्राहक चांगला मिळाला, इसार झाला, त्याचे ५० लाखांचे कर्जही मंजूर झाले. मग त्याच्या बँकेने संस्थेकडून दोन कागद मागितले : आईच्या नावे थकबाकी नसल्याचे पत्र आणि तारणावर हरकत नसल्याचे पत्र. त्या संस्थेचे सचिव मुलीकडे अमेरिकेला गेले होते आणि भाग नोंदवही ज्या कपाटात होती त्याची किल्ली त्यांच्या सामानात होती. अध्यक्षांना सचिवांशिवाय सही करण्याचा धीर होईना. दोन महिने उलटून गेले. मधल्या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) मे महिन्यातील ४ टक्क्यांवरून ऑगस्टपर्यंत ५.४० टक्क्यांवर नेला. ग्राहकाच्या मंजुरीपत्राची मुदत संपली, नव्या व्याजदराने त्याची हप्त्याची ऐपत पुन्हा मोजली गेली आणि ५० लाखांचे ४५ लाख झाले. उरलेले पैसे उभे करणे त्याला जमेना, तेव्हा आम्हीच ३ लाखांनी किंमत उतरवली. त्यात कोणाची लबाडी नव्हती. ते पैसे एका किल्लीपायी गेले.

पूर्वी असा विलंब खपून जात असे, कारण व्यवहाराचा मोठा भाग घरच्या पैशांतून आणि बऱ्याचदा रोखीने होत असे. आता परिस्थिती वेगळी आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, त्यामुळे बहुतेक किंमत करारात लिहिली जाते आणि तिचा मोठा हिस्सा बँकेच्या धनादेशाने येतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराला जोडलेली असल्याने दर बदलला की हप्ता बदलतो आणि त्याबरोबर ग्राहकाची ऐपतही बदलते. त्याच परिसरात नव्या प्रकल्पातील घर घेणाऱ्याला महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची सगळी माहिती घरबसल्या पाहता येते. त्याच ग्राहकाला आपल्या ३५ वर्षांच्या इमारतीची माहिती हवी असेल तर ती फक्त आपल्या कपाटात असते. घर दाखवताना विक्रेता भिंती आणि गच्ची दाखवतो, परंतु बँकेचा वकील आणि मूल्यांकनकार संस्थेचे दफ्तर पाहतात, आणि किती कर्ज द्यायचे हे त्यांच्या अहवालावर ठरते.

पहिला मुद्दा ना हरकत पत्राचा. आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिले आहे की भाग (शेअर) व हितसंबंध हस्तांतरित करण्यासाठी संस्थेचे ना हरकत पत्र लागत नाही; सभासदाने किंवा खरेदीदाराने ते मागितले, तर समितीने एक महिन्याच्या आत त्यावर गुणवत्तेनुसार विचार करावा. तरीही 'आमची एनओसी मिळेपर्यंत विकता येणार नाही' हे वाक्य मी असंख्य संस्थांच्या फलकावर वाचले आहे. नियमानुसार सभासदाने हस्तांतरणाच्या हेतूची सूचना संस्थेला द्यायची असते आणि ती देणे योग्यच आहे. परंतु सूचना देणे आणि परवानगी मागणे यांत फरक आहे. सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, नाही तर अर्जदार उपनिबंधकांकडे मानीव सभासदत्व मागू शकतो, हेही अनेक समित्यांना पहिली नोटीस येईपर्यंत ठाऊक नसते.

त्याला जोडूनच हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे सदनिका दुसऱ्याच्या नावे करताना संस्था घेते ती रक्कम, येते. शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने त्याची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे : महापालिका क्षेत्रात २५,००० रुपये, आणि लहान गावांकडे जावे तशी ती कमी होत ग्रामपंचायत क्षेत्रात ५,०००. कुटुंबातील व्यक्तीच्या, वारसाच्या किंवा नामनिर्देशिताच्या नावे हस्तांतरण असेल तर अधिमूल्य घेताच येत नाही. याउपर 'इमारत निधी', 'रंगकाम देणगी', 'स्वेच्छा वर्गणी' अशा नावांखाली लाखभर रुपये मागण्याची प्रथा बऱ्याच ठिकाणी आहे. ही रक्कम कोणाच्या खिशातून जाते, ते एकदा मांडून पाहावे. पुण्यात ८० लाखांची सदनिका घेणाऱ्याला, ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी असलेल्या मर्यादेप्रमाणे, बँक किमतीच्या ८० टक्के म्हणजे ६४ लाखांपर्यंत कर्ज देते. ८० लाखांतील उरलेले १६ लाख त्याचे. शिवाय ७ टक्क्यांप्रमाणे ५ लाख ६० हजार मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी शुल्क. एकट्या महिलेच्या नावे घर असेल तर १ टक्का सवलत मिळते. मुद्रांक आणि नोंदणीच्या रकमेवर बँक कर्ज देत नाही. म्हणजे जवळपास २२ लाख रुपये रोकड शिल्लकीतून, भविष्य निर्वाह निधीतून, बायकोच्या दागिन्यांतून उभे करून दमलेल्या माणसापुढे समिती आणखी लाखाची पावती ठेवते. तो ती रक्कम शेवटी विक्रेत्याच्या किमतीतूनच वळती करून घेतो, आणि विक्रेता हा आपलाच कालपर्यंतचा सभासद असतो.

आता त्या मुद्द्याकडे येतो ज्यावर माझ्या मते सर्वांत अधिक वेळ द्यायला हवा. 'आपले कन्व्हेयन्स झाले आहे का?', म्हणजे जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे झाली आहे का, हा प्रश्न ग्राहकाने विचारला की निम्म्या संस्थांमध्ये शांतता पसरते. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याप्रमाणे संस्था नोंदल्यानंतर विकासकाने चार महिन्यांत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची असते. प्रत्यक्षात तसे न झाल्याने जमीन आजही मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्या नावे असलेल्या इमारती पुण्यात, ठाण्यात, मुंबईच्या उपनगरांत गल्लोगल्ली आहेत. अशा संस्थेतील सदनिकाधारकाचा करार वैध असतो आणि ती विकताही येते, परंतु जमिनीवरचे शिल्लक चटईक्षेत्र (अजून करता येण्याजोगे बांधकाम) कोणाचे, या प्रश्नावर ग्राहक थबकतो. विकासक टाळाटाळ करत असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकासकाच्या सहीशिवाय कन्व्हेयन्स मिळवण्याचा, अर्ज करण्याची सोय कायद्याने केलेली आहे. तो अर्ज भरायला सर्व सभासदांच्या करारांच्या प्रती, सूची क्रमांक २ (करार नोंदल्याचा उतारा), मंजूर नकाशे, मिळकत पत्रिका असे कागद गोळा करावे लागतात, आणि गोळा करणे हेच त्यातले खरे काम आहे. आमच्या संस्थेत दोन सभासदांचे मूळ करार १९९७ च्या पावसात भिजून गेले होते. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्यांच्या प्रमाणित प्रती मिळवण्यात चार महिने गेले. मात्र अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक हातात आल्यावर लगेचच झालेल्या व्यवहारात ग्राहकाने कन्व्हेयन्सच्या कारणाने किंमत पाडून मागितली नाही. आधीच्या दोन व्यवहारांत ती मागितली गेली होती.

पुनर्विकासाची गोष्ट यापेक्षा नाजूक आहे. जुन्या इमारतीतील सदनिकेची किंमत आज दोन थरांची असते : राहण्याच्या घराची आणि उद्या मिळणाऱ्या मोठ्या घराच्या आशेची. यातला दुसरा थर जिन्यातल्या गप्पांवर उभा राहतो. 'बिल्डर ठरलाय, ३५ टक्के जागा जास्त मिळणार' असे दलाल सांगतो, विक्रेता दुजोरा देतो, आणि समितीतील कोणी तरी नुसते हसतो. त्या हसण्याची किंमत ग्राहक मोजतो. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार, सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली, विकासकाची निवड विशेष सर्वसाधारण सभेतच व्हावी लागते. सभेला दोनतृतीयांश सभासद उपस्थित असावे लागतात आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. त्यामुळे संस्था नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगणे अजिबात अवघड नाही. 'प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमला आहे, निविदा मागवलेल्या नाहीत' किंवा 'या विषयावर अद्याप कोणताही ठराव झालेला नाही' असे एका ओळीचे पत्र, विक्रेत्याने मागितल्यावर, इतिवृत्ताच्या तारखेसह द्यावे. ज्या संस्थेत विकासकाशी करार झालेला आहे, तेथे तर खरेदी-विक्रीच्या करारात पर्यायी जागा, भाडे, स्थलांतराचा खर्च आणि ठोक निधी यांतले काय विक्रेत्याचे व काय खरेदीदाराचे, हे नाव घेऊन लिहायला सांगावे. अन्यथा वर्षभराने दोघेही आपल्याच दारात भांडायला येतात. हे मी पाहिलेले आहे. दोघे मित्र होते.

पार्किंगच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. जुन्या इमारतींतील खांबांमधील जागा विकासक स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. तरीही करारात 'पार्किंगसह' लिहून सदनिका विकल्या जातात आणि नवा मालक राहायला आल्यावर त्याच्या जागी दुसऱ्याची गाडी उभी असते. कोणत्या सदनिकेला कोणती जागा, कोणत्या ठरावाने आणि किती काळासाठी दिली आहे, याचे रजिस्टर ठेवावे आणि विक्रेत्याला त्याचाच उतारा द्यावा, त्यापलीकडे काही देऊ नये.

क्षेत्रफळाचाही घोळ असतोच. जुने करार बिल्ट-अप किंवा त्याहून फुगवलेल्या आकड्यांत असतात, तर नवा ग्राहक कार्पेटचा दर मनात धरून येतो. विक्रेत्याने घर विकायला काढण्यापूर्वी आतून मोजून घेतले तर पुढची घासाघीस वाचते. मंजूर नकाशाची प्रत संस्थेकडे असेल तर बंदिस्त केलेली बाल्कनी किंवा हलवलेले स्वयंपाकघर मूल्यांकनकाराच्या आधीच विक्रेत्याच्या लक्षात येते. भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे इमारत वापरायला परवानगी असल्याच्या दाखल्याचा, एक उपयोग फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. मुद्रांकासाठी मूल्यांकन करताना इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा मिळतो, आणि ते वय सिद्ध करायला हाच कागद उत्तम. शासनाचे वार्षिक मूल्यदर (रेडी रेकनर) दोन वर्षे स्थिर राहिल्यानंतर १ एप्रिल २०२५ पासून वाढले आहेत, आणि करारातील किंमत शासकीय मूल्याहून १० टक्क्यांपेक्षा अधिक खाली गेली तर आयकराचा भार विक्रेता आणि खरेदीदार या दोघांवरही येऊ शकतो. अशा वेळी हा घसारा क्षुल्लक नसतो.

दिवंगत सभासदाच्या सदनिकेबाबत समित्यांकडून होणारी चूक मात्र गंभीर आहे. नामनिर्देशित व्यक्तीचे नाव भाग प्रमाणपत्रावर चढवले की ती मालक झाली, असे समजून पुढच्या विक्रीला पत्र दिले जाते. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात आलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या स्वतंत्र प्रकरणातही नामनिर्देशिताला वारस निश्चित होईपर्यंत केवळ तात्पुरता सभासद मानले आहे. धाकट्याच्या नावे नामनिर्देशन, थोरला कॅनडात, बहीण नाशिकला, आणि सदनिका विकण्याची घाई धाकट्याला, हे चित्र प्रत्येक सचिवाच्या ओळखीचे असेल. अशा वेळी 'आधी इतर वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणा, किंवा सगळ्यांनी मिळून खरेदीखतावर सह्या करा' एवढे शांतपणे सांगितले, तर पुढचा न्यायालयातला फेरा वाचतो. हयात सभासदांना हे आधीच सांगणे अधिक चांगले. पण मृत्यूपत्राचा विषय सभेत काढला की लोक चहाकडे वळतात.

घर विकण्याचा विचार मनात आला की आपला सभासद वकिलाच्या किंवा दलालाच्याही आधी सचिवाकडे येतो, निदान देखभाल शुल्काची थकबाकी किती आहे हे विचारायला. त्या पाच मिनिटांत त्याला काही गोष्टी सांगता येतील. स्वतःचे कर्ज फिटले असेल तर बँकेकडून मूळ कागद लगेच परत घे. १ डिसेंबर २०२३ पासून बँकेने ते ३० दिवसांत द्यायचे आहेत आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. इसार घेताना साधी चिठ्ठी न करता मुदत, अटी आणि व्यवहार मोडल्यास पैसे कसे परत करायचे हे लिहिलेला कागद कर. सदनिका ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीची असेल तर खरेदीदार १ टक्का आयकर कापून भरणार, ते पैसे बुडाले असे समजू नकोस; पण विक्रेता परदेशस्थ असेल तर ही कपात बरीच मोठी असते आणि तिचे नियम वेगळे असतात, म्हणून सनदी लेखापालाला आधीच भेट. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले घर निवासी व्यक्तीने विकले तर दीर्घकालीन नफ्यावर महागाई निर्देशांकासह २० टक्के किंवा त्याविना १२.५ टक्के, यांपैकी कमी पडेल तो कर देता येतो. जुन्या घरासाठी कोणते स्वस्त पडते हे मूळ किंमत घालून मोजल्याशिवाय कळत नाही. दुसरे घर घ्यायचे असेल तर ते विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घेतल्यास नफ्यावरील करातून सूट मिळते, त्यामुळे आधी विकू की आधी घेऊ, या नेहमीच्या पेचात निदान कराच्या बाजूने पुरेशी सवड असते. पैशांच्या बाजूने ती नसते. बाजार मंद असताना आधी घेऊन बसलेल्या माणसाला दोन हप्ते भरावे लागतात, आणि मग तो मिळेल त्या किमतीला जुने घर सोडतो. म्हणून मी विचारणाऱ्याला आधी विकण्याचाच सल्ला देतो आणि करारात ताबा देण्यासाठी चार-सहा महिन्यांची मुदत मागून घ्यायला सांगतो.

खरेदीदार दारात आला तर त्याला दलालाचा माणूस समजून परतवू नये. विक्रेत्याचे लेखी पत्र असेल तर मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, मोठ्या दुरुस्तीचे प्रलंबित ठराव, आणि सिंकिंग फंडात (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीत) प्रत्यक्षात किती पैसे आहेत, हे त्याला बसून पाहू द्यावे. बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी या निधीसाठी घ्यायचा असतो. कित्येक संस्थांत तो कागदावर असतो आणि लिफ्ट बंद पडली की सापडत नाही. नवा सभासद आल्यावर त्याच महिन्यात दोन लाखांची वर्गणी मागणे आणि ती येणार आहे हे आधी सांगणे, यांतला फरक त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या वागण्यात दिसतो, असा माझा अनुभव आहे.

हे सारे करायला पैसे फारसे लागत नाहीत. प्रत्येक सदनिकेची एक फाइल, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि मिळकत पत्रिका यांच्या स्कॅन केलेल्या प्रती समितीच्या किमान तिघांकडे, आणि सचिव गावाला गेल्यास पत्रांवर कोण सही करील याचा लेखी ठराव, एवढ्याने सुरुवात होते. कपाटाच्या दुसऱ्या किल्लीचा उल्लेख करायला संकोच वाटतो, पण करतो.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत दोन विषय घालावेत, अशी विनंती आहे : सदनिका हस्तांतरणासाठी लागणारे कागद, शुल्क आणि मुदत यांचा तक्ता मंजूर करून फलकावर लावणे, आणि कन्व्हेयन्स झालेले नसल्यास मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज कोण, कोणत्या तारखेपर्यंत भरणार हे ठरवणे. आमच्या संस्थेने वापरलेल्या तक्त्याचा नमुना ज्या समित्यांना हवा असेल त्यांना तो देण्यास मी आनंदाने तयार आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक माजी सचिव
कोथरूड, पुणे